समुद्रकाठचे घर आणि सातबारा

कोळसाखाणीतून निवृत्त होणाऱ्या माणसाच्या हाती साठाव्या वर्षी दोन गोष्टी बरोबरच येतात. एक फंड-ग्रॅच्युइटीची रक्कम आणि दुसरी क्वार्टर रिकामे करण्याची सूचना. आयुष्यात प्रथमच एवढा पैसा हातात येतो आणि त्याच वेळी डोक्यावरचे छप्परही जाते. आमच्या कन्हानमधले बहुतेक जण मग इथेच, नाहीतर कामठी-नागपूरच्या एखाद्या ले-आउटमध्ये प्लॉट घेऊन बसतात. पण अलीकडे ज्यांची मुले मुंबई-पुण्याला नोकरीला लागली त्यांच्या घरी आणखी एक विषय निघतो. अलिबागकडे समुद्रकाठी निवृत्तांसाठी बंगले आणि वसाहती उभ्या राहत आहेत, मुलाच्या जवळ राहता येईल, हवा चांगली आहे. कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येणाऱ्या लोकांपैकी काहींनी मला विचारले, "सर, आपल्याला तिथे घेता येते काय?"

हा प्रश्न वरवर वाटतो तेवढा साधा नाही. 'घेता येते काय' याचा एक अर्थ कायद्याचा आहे आणि दुसरा समाजाचा. दोन्ही अर्थ वेगळे काढून पाहिल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

आज श्रीमंतांच्या विश्रांतीचे ठिकाण झालेला हा अलिबाग तालुका कोणता, हे आपल्या कार्यकर्त्यांना तरी ठाऊक असले पाहिजे. याच तालुक्यात चरी आणि आसपासच्या २५ गावांतील कुळांनी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. तो संप १९३९पर्यंत चालला. १९३४ साली बाबासाहेब स्वतः चरीला गेले. १९३७ साली त्यांनी खोतीपद्धत नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले आणि जानेवारी १९३८मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. पुढे १९४८चा कुळकायदा आणि १९४९चा खोती निर्मूलनाचा कायदा आला तो या लढ्यांच्या वाटेवरूनच आला. ज्या जमिनीसाठी कुळे सहा वर्षे उपाशी राहिली त्या जमिनीवर आज पोहण्याचे तलाव बांधले जातात. २०२०मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली, २०२४मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला, आणि मुंबईचा पैसा तिकडे अधिकच वेगाने वाहू लागला.

आता कायद्याकडे वळू. कुळकायद्याच्या कलम ६३प्रमाणे शेतजमीन फक्त शेतकऱ्याला किंवा शेतमजुराला विकत घेता येते. इतरांना जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. आपल्या विदर्भासाठी १९५८चा वेगळा कुळकायदा आहे आणि त्याच्या कलम ८९मध्ये अशीच बंदी आहे. हेतू चांगला होता. सावकाराने आणि शहरातल्या पैसेवाल्याने कसणाऱ्याची जमीन गिळू नये म्हणून ही तरतूद केली गेली. पण व्यवहारात तिचे काय होते ते पाहा. शेतकरी असल्याचा पुरावा म्हणजे सातबारा. ज्याच्या आजोबाच्या नावावर कुठेतरी दोन एकर जमीन होती, तो मुंबईत तीस वर्षे वातानुकूलित कचेरीत बसला तरी कायद्याने शेतकरी राहतो आणि अलिबागेत शेतजमीन घेऊ शकतो. ज्याचा आजोबा मालगुजाराच्या शेतात राबला त्याच्या नातवाजवळ सातबारा नाही. शेतमजूर म्हणून त्याला हक्क होता हे खरे. परंतु शेतमजूर होता तेव्हा त्याच्याजवळ पैसा नव्हता, आणि खाणीत उतरून पैसा जमवला तेव्हा तो शेतमजूर राहिला नाही. कायदा जातीचे नावही घेत नाही, तरी जात जिथे नेऊन ठेवते तिथेच हा माणूस पोहोचतो.

मग त्याच्यासाठी उरतो तो अकृषिक, म्हणजे एन. ए. प्लॉट किंवा बांधलेले घर. ते कोणालाही घेता येते. मात्र ज्याला शेतजमीन घेता येते तो एकराच्या भावाने घेतो आणि ज्याला येत नाही त्याला चौरस फुटाच्या भावाने घ्यावे लागते. पूर्वजांच्या भूमिहीनतेचा दंड नातवाने भरायचा तो असा. भूमिहीनांसाठी शासनाची एक योजना आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाने २००४पासून चालणाऱ्या या योजनेत चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. ती दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी आहे, निवृत्त कामगारासाठी नाही, आणि समुद्रकाठासाठी तर नाहीच.

घर पाहताना एक गोष्ट अवश्य तपासावी. किनाऱ्यावर १९९१पासून सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना लागू झाली. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकामावर निर्बंध आले आणि ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर तर मोकळे ठेवायचे ठरले. २०१९च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांत हे अंतर ५० मीटरवर आणले. 'समुद्र अगदी अंगणात' अशी जाहिरात दिसली की आधी मंजूर नकाशा मागावा. श्रीमंताचा बंगला पाडला गेला तर त्याचा एक बंगला जातो, आपला सगळा जन्म जातो.

आता दुसरा अर्थ. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थाने किनाऱ्यावरच्या अशाच एका वसाहतीत चौकशी केली. नाव सांगितल्यावर आडनाव विचारले, आडनावावरून समाधान झाले नाही तेव्हा मूळ गाव विचारले, आणि शेवटी सांगितले की इथे मांसाहार चालत नाही. कोळ्यांच्या जाळ्यांचा वास जिथे दारापर्यंत येतो तिथे हा नियम! मासळीच्या गावात शाकाहाराचे कुंपण कोणासाठी घातले जाते हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

याविरुद्ध कायदा काय म्हणतो? २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, संस्थेला सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवता येते, असा निर्णय दिला. अल्पसंख्य समाजाच्या बाबतीत दिलेला हा निर्णय बहुसंख्यांच्या वसाहतींना ढालीसारखा वापरता येतो, हा त्यातला धोका मला दिसतो. परंतु आपल्या हाती दुसरे शस्त्र आहे आणि ते फारसे कोणी वापरत नाही. १९५५चा अस्पृश्यता (अपराध) कायदा १९७६ साली नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. त्याच्या कलम ४मध्ये, कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, मिळवणे किंवा त्यात राहणे याबाबत अस्पृश्यतेच्या कारणावरून अडथळा करणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. दंडाची रक्कम हास्यास्पद आहे, तरी गुन्हा तो गुन्हाच. अडचण पुराव्याची आहे. 'तुम्ही महार म्हणून देत नाही' असे आज कोणी बोलत नाही, 'प्लॉट संपले' असे म्हणतात.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांना हा अनुभव आपल्या आधी आला आहे. कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे ब्रूस या काळ्या दांपत्याने १९१२ साली समुद्रकाठची जागा विकत घेऊन आपल्या लोकांसाठी विश्रांतिस्थान काढले. १९२४ साली नगरपालिकेने बागेचे निमित्त करून ती जागा ताब्यात घेण्याची कारवाई सुरू केली. ती त्यांच्या वारसांना परत मिळाली २०२२ साली, आणि २०२३मध्ये वारसांनी ती सुमारे दोन कोटी डॉलरला सरकारला विकली. जमीन परत मिळाली ती कागदपत्रे जपली गेली म्हणून आणि मागणी कोणी विसरले नाही म्हणून.

जे जाऊ इच्छितात त्यांना मी जाऊ नका म्हणत नाही. कन्हान नदीच्या काठी बाबू हरदासांची समाधी आहे, तिथल्या लोकांनी समुद्रकाठाची इच्छा धरू नये असे कोण म्हणेल? फक्त चौकशीला एकट्याने जाऊ नये, सोबत साक्षीदार असावा. नकार मिळाला तर तो लेखी मागावा, निदान आपला अर्ज पोचपावती घेऊन द्यावा. सहकारी संस्थेने सभासदत्व नाकारले तर निबंधकाकडे दाद मागता येते. आणि त्याच वसाहतीत दुसऱ्या आडनावाच्या मित्राला आठवड्याच्या आत चौकशीला पाठवावे. प्लॉट खरोखर संपले होते की काय ते त्यावरून कळते.