चक्का आधी, श्रीखंड नंतर: दाढीच्या साबणाचे गैरसमज
दाढीच्या साबणाची गोल वडी हल्ली दोनच प्रकारची माणसं विकत आणतात. एक, ज्यांनी लहानपणी वडलांना त्या वडीवर ब्रश फिरवताना पाहिलंय. दुसरी, ट्यूबमधल्या क्रीमला कंटाळून काहीतरी जुनं करून बघायची हौस आलेली. आठवड्याभरात दोघांची तक्रार एकच होते: फेसच येत नाही. आला तरी एका गालावरून दुसऱ्या गालावर जाईपर्यंत वाळून त्याची पापडी धरते. मग वडी मोरीतल्या कोनाड्यात जाते आणि शर्टाच्या कॉलरी घासायच्या कामी येते. मीही एक चांगली वडी अशी कॉलरींना वाहिली आहे. दोष वडीचा नव्हता, हे फार उशिरा कळलं.

सगळ्यात लोकप्रिय सबब पाण्याची. ‘आमचं बोअरचं पाणी जड, त्यात कुठला फेस येणार?’ ही अर्धी खरी आहे. खडकाच्या भेगांतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळतं. अशा पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, हे स्वयंपाकघरात सगळ्यांना ठाऊक असतं. साबण म्हणजे मेदाम्लांचा सोडियम किंवा पोटॅशियमबरोबर झालेला क्षार. पाण्यातलं कॅल्शियम ते मेदाम्ल स्वतःकडे ओढून घेतं आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसणारा पांढरट थर तो हाच.

पण हिशेब करून बघा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपलं पाणी ३०० चं धरू. असं एक लिटर पाणी जेमतेम दोन ग्रॅम साबण गिळतं. वीस लिटरच्या बादलीत अंघोळ करणाऱ्याला हे महागात पडतं, कारण तिथे ३५ ग्रॅमच्या वर साबण वाया जाऊ शकतो. दाढीच्या फेसाला मात्र पाणी लागतं चार चमचे. तेवढं पाणी खाईल ४० मिलिग्रॅमच्या आत. ब्रशवर ग्रॅमभर साबण घेतला असेल, तर हा तोटा शंभरात चारांचा. वडीवर ब्रश नुसता टेकवून दीडशे मिलिग्रॅमच उचलला असेल, तर मात्र जवळजवळ चौथा हिस्सा तिथेच गेला. शिवाय साक्याचे कण उरलेल्या फेसाचे बुडबुडे फोडतात, तो त्रास वेगळा. थोडक्यात, पाणी जड असलं तरी बहुतेक वेळा खोट असते ती आपल्या हात आखडण्यात.

यावर घरोघरी केले जाणारे उपायही एकेक बघण्यासारखे आहेत. पाण्यात तुरटी फिरवली की ते ‘हलकं’ होतं, असं पुष्कळ जण मानतात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, हे खरं. कठीणता मात्र जागच्या जागी राहते. उलट जी कठीणता उकळून गेली असती, तिच्यातला काही भाग तुरटीतल्या सल्फेटमुळे उकळूनही न जाणारा होतो. वर तुरटीतलं ॲल्युमिनियम स्वतःच साबणाचा साका करतं. म्हणून तुरटीचा खडा दाढी झाल्यावर गालावरून फिरवावा, बारीकसं कापलं असेल तर रक्त थांबतं. फेसाच्या वाटीजवळ तिला फिरकू देऊ नये. पाणी उकळल्याने बायकार्बोनेटची कठीणता तेवढी कमी होते (किटलीच्या तळाला पांढरी खरपुडी धरते, ती याचीच), बाकीची तशीच राहते.

आरओच्या यंत्रातून गाळून आलेलं पाणी दाढीला उत्तम, आणि लागतंही पेलाभरच. पण काटकसरी मंडळी यंत्रातून बाहेर फेकलं जाणारं पाणी साठवतात आणि दाढीला तेच घेतात. सगळे क्षार एकवटलेले असतात ते त्या पाण्यात! ते फरशी पुसायला ठीक आहे. टीडीएसच्या मीटरचा आकडा बघून पाणी जड की हलकं ठरवणंही चुकीचं. तो आकडा विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा असतो. पाणी मृदू करणारं यंत्र कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतं, तेव्हा मीटरचा आकडा जवळपास हलत नाही, आणि फेस मात्र भरभरून येतो.

लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, मगभर पाण्यात अगदी चिमटीतल्या चिमटीत घातलं तर कॅल्शियमला धरून ठेवतं आणि उपयोग होतो. ‘थोड्याने झालं तर जास्तीने अजून छान होईल’ हा आपला स्वभाव इथे नडतो. आंबटपणा वाढला की दूध फाटावं तसा साबण फाटतो.

आता मुख्य चुकीकडे. आपण ब्रश पाण्यात बुचकळतो आणि तसाच निथळता वडीवर फिरवतो. लगेच मोठमोठे बुडबुडे उठतात आणि वाटतं, झालं काम. हा ताकावरचा फेस. दिसायला डोंगर, आत हवा. वस्तऱ्याला तो काही कामाचा नाही, कारण पातं सरकतं ते साबण-पाण्याच्या दाट थरावरून, हवेवरून नाही. फेस जितका उंच तितकी दाढी गुळगुळीत, हा समज बहुधा जाहिरातींनी पक्का केला आहे.

क्रम उलटा हवा. तोंड धुवायच्या आधी वडीवर चमचाभर कोमट पाणी ओतून ठेवा, दोन-तीन मिनिटांत वरचा थर सैल होतो. ते पाणी गालाला चोळून टाका. ब्रश भिजवून चांगला झटका, ओलसर राहिला पाहिजे, गळता कामा नये. मग वडीवर अर्धा-पाऊण मिनिट फिरवा, घड्याळ लावून, कारण मनातलं अर्धं मिनिट दहा सेकंदांचं असतं. ब्रशच्या टोकांवर चक्क्यासारखा घट्ट गोळा जमला की साबण पुरेसा झाला. आता वाटीत किंवा थेट गालावर थेंब-थेंब पाणी घालत फेटा. चक्क्याचं श्रीखंड झालं, वर चकाकी आली, ब्रश उचलल्यावर निघालेलं टोक किंचित वाकलं, की थांबा. दोन बोटांत चोळून बघा, निसरडं लागायला हवं. गालावर पिठूळ वाटलं तर पाणी कमी पडलंय, ओघळू लागलं तर जास्त झालंय. पहिले आठ दिवस काहीतरी बिघडतंच.

‘मग अंघोळीचा साबण काय वाईट?’ त्याला फेस पटकन येतो, पण टिकत नाही. खोबरेल तेलातलं लॉरिक आम्ल झटकन आणि सैल फेस देतं. दाढीच्या साबणात भर असतो तो स्टिअरिक आम्लावर. हे सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळणारं, म्हणून वडी कडक. फेस हळू येतो, पण दाट आणि टिकाऊ. नुसत्या सोडियमवर तो साबण दगडासारखा झाला असता. म्हणून त्यात पोटॅशियमचा वाटा घालतात, त्याने तो पाण्यात लवकर उतरतो. हाताला कडक लागते म्हणून वडी जुनाट किंवा हलक्या प्रतीची ठरवू नये.

केस मऊ होतात ते साबणाने, असंही धरून चालतात. केस मऊ होतो पाण्याने. ओला केस फुगतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो; त्यासाठी कोमट पाण्याची दोन-तीन मिनिटं पुरतात. साबण केसावरचा तेलकटपणा काढतो आणि ते पाणी तिथेच धरून ठेवतो. कढत पाण्याची गरज नाही. त्याने कातडी कोरडी पडते आणि जनावराच्या केसांचा ब्रश लवकर खराब होतो.

ब्रशवरून आठवलं. अस्सल फेसाला जनावराच्याच केसांचा ब्रश लागतो, असं शौकीन ठासून सांगतात. डुकराच्या केसांचा ब्रश आधी भिजत घालावा लागतो आणि नवा असताना काही आठवडे ताठ राहतो. बॅजरचा मऊ, पण महाग. आजचा चांगला कृत्रिम ब्रश भिजवायलाही लागत नाही आणि लवकर सुकतो. त्याचे तंतू पाणी पीत नाहीत, म्हणून पाणी थोडं बेतानं घालायचं, इतकंच. पहिल्या महायुद्धात बॅजरचे केस मिळेनासे झाले, तेव्हा घोड्याच्या केसांचे नकली ब्रश बाजारात आले. नीट निर्जंतुक न केलेल्या त्या केसांतून ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकांना, आणि साध्या नागरिकांनाही, चेहऱ्यावर अँथ्रॅक्स झाला. ‘अस्सल’ या शब्दाला मी तेव्हापासून जरा बिचकतो.

राहिली तडकलेली वडी. वर्षभर कपाटात पडून ती आकसते, भेगा पडतात, वास उडतो. लोक म्हणतात, मुदत संपली. खरं तर आतलं पाणी उडालेलं असतं, बाकी फारसं काही नाही. बुरशी किंवा खवट वास नसेल तर ती किसून घ्या, कीस स्टीलच्या वाटीत घालून चार-पाच थेंब पाणी शिंपडा, बोटांनी घट्ट दाबा आणि दोन दिवस उघडी सुकू द्या. नव्या वडीपेक्षा ही वाटीतली लादी ब्रशला लवकर उतरते. खिसणी मात्र वेगळी ठेवा. आमच्याकडे त्यानंतरच्या गाजराच्या कोशिंबिरीला चंदनाचा वास आला होता.