पिकवलेल्या मालाला नंबर नको, धंद्याला कधी हवा?
जी.एस.टी. नोंदणीची सोपी माहिती



अजिंठा-सिल्लोड भागात कापूस, मका आणि मिरची ही आपली नेहमीची पिकं. माल घरात आला की पारावर एक प्रश्न हमखास निघतो : "आपल्याला जी.एस.टी.चा नंबर काढावा लागतो का हो?" कोणी म्हणतो लागतो, कोणी म्हणतो नाही. ऐकीव माहितीवर चालले तर दोन्हीकडून नुकसान होते. ज्याला गरज नाही तो नंबर काढून बसतो आणि विवरणपत्रांचा खर्च मागे लावून घेतो. ज्याला गरज आहे तो गप्प राहतो आणि पुढे दंड भरतो. म्हणून नियम नीट समजून घेऊ या.

वस्तू व सेवा कर, म्हणजेच जी.एस.टी., आपल्याकडे १ जुलै २०१७ पासून लागू झाला. कोणी नोंदणी करायची हे तीन गोष्टींवर ठरते : आपण काय विकतो, वर्षाला किती विकतो आणि कुठे विकतो.

स्वतः पिकवलेला माल

जो स्वतःच्या किंवा घरच्यांच्या कष्टाने, अथवा आपल्या देखरेखीखाली मजूर लावून जमीन कसतो, तो या कायद्याने शेतकरी. आपल्या जमिनीत पिकवलेला माल विकण्यापुरती त्याला नोंदणीची गरज नाही. मग विक्री पाच लाखांची असो की पन्नास लाखांची. मका विका, हिरवी मिरची विका, नंबर लागत नाही.

कापसाची गोष्ट थोडी वेगळी आहे, ती ध्यानात ठेवावी. कच्च्या कापसावर ५ टक्के कर आहे. पण शेतकऱ्याने नोंदणी असलेल्या जिनिंगवाल्याला किंवा व्यापाऱ्याला कापूस दिला, तर तो कर घेणाऱ्याने स्वतः सरकारजमा करायचा असतो. १५ नोव्हेंबर २०१७ पासून हाच नियम आहे. घेणाऱ्याला त्या कराची पुढे वजावटही मिळते. तेव्हा हिशोबपट्टीवर "जी.एस.टी." म्हणून आपल्या पैशातून कपात दिसली, तर तिथेच विचारावे. पट्टी जपून ठेवावी.

शेतीला जोडून धंदा केला तर

शेतीच्या पुढे जाऊन दुकान, गिरणी, हॉटेल असा धंदा सुरू केला, की उलाढालीचा हिशोब लागू होतो. महाराष्ट्रात मर्यादा अशा :

१) फक्त वस्तूंची विक्री असेल तर वर्षाला ४० लाख रुपये. (ही वाढीव मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून आहे.)
२) सेवा देत असाल, किंवा वस्तू आणि सेवा दोन्ही असतील, तर २० लाख रुपये.

वर्ष म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च. आणि उलाढाल म्हणजे नफा नव्हे, एकूण विक्री. पुष्कळांची गफलत इथेच होते. आता काही उदाहरणे पाहू.

खत-बियाण्यांचे दुकान : समजा वर्षात खते व औषधे ३४ लाखांची आणि बियाणे ८ लाखांचे विकले. पेरणीच्या बियाण्यावर कर नाही, म्हणून ते मोजायचे नाही असे वाटते. पण करमाफ मालही उलाढालीत धरतात. बेरीज ४२ लाख झाली, म्हणजे नोंदणी आवश्यक.

ट्रॅक्टर आणि जेसीबी : भाड्याने नांगरणी, पेरणी, मळणी करून देणे करमाफ आहे. एवढेच काम असेल तर नोंदणी नको. पण त्याच मालकाने जेसीबी घेऊन घरांचे पाये खोदायला सुरुवात केली, तर ती करपात्र सेवा झाली. नांगरणीचे १३ लाख आणि जेसीबीचे ८ लाख, मिळून २१ लाख. नोंदणी करावी लागेल. कर मात्र जेसीबीच्या कामावरच.

हॉटेल, ढाबा : लेण्यांच्या वाटेवर कोणी जेवणाचे हॉटेल टाकले, तर जेवण देणे ही सेवा धरतात. मर्यादा २० लाखांची.

मिरची पूड : पूड हा तयार माल, तिच्यावर ५ टक्के कर आहे. राज्यातच विकली तर ४० लाखांपर्यंत नोंदणी नको. पण तीच पूड बुऱ्हाणपूरच्या दुकानदाराला दिली तर माल मध्य प्रदेशात गेला. करपात्र माल परराज्यात विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी आधी करावी.

एका पॅनवरचे सगळे धंदे एकत्र मोजतात, हेही लक्षात असू द्या. शेतकरी उत्पादक कंपनीला वर सांगितलेली शेतकऱ्याची सूट मिळत नाही, कारण ती सूट व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबालाच आहे. म्हणून कंपनीच्या संचालकांनी उलाढालीवर पहिल्यापासून नजर ठेवावी.

कधी आणि कशी करावी?

मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज करावा. १० जानेवारीला ओलांडली तर ९ फेब्रुवारीपर्यंत. अर्ज ऑनलाइन होतो. पॅन, आधार, फोटो, बँक खाते आणि धंद्याच्या जागेचा पुरावा लागतो. सरकारी फी काही नाही. करसल्लागार घेतो ती त्याच्या कामाची मजुरी. नंबर १५ अंकी-अक्षरी असतो. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो आणि पुढची दहा अक्षरे आपल्या पॅनची असतात.

नोंदणी आवश्यक असून केली नाही, तर दहा हजार रुपये किंवा बुडालेल्या कराइतकी रक्कम, यांत जी जास्त तेवढा दंड होऊ शकतो. शिवाय मागचा कर आणि व्याज. माल तर विकून गेलेला असतो, गिऱ्हाइकाकडे आता कर मागता येत नाही. सगळे आपल्याच खिशातून जाते.

लहान दुकानदाराला एक सोपी वाट आहे. दीड कोटीपर्यंत उलाढाल असेल तर आपसमेळ योजनेत (कंपोझिशन) उलाढालीवर १ टक्का कर भरता येतो; हॉटेलला ५ टक्के. मात्र गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही आणि परराज्यात विक्री चालत नाही.

एवढे जरूर करावे

• शेतमालाच्या विक्रीची वही वेगळी, धंद्याची वेगळी ठेवावी.
• दर महिन्याअखेर विक्रीची बेरीज मांडावी. मर्यादा जवळ आली की सल्ला घ्यावा.
• नंबर घेतल्यावर विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावेच लागते. धंदा बंद केला तर नोंदणीही रीतसर रद्द करून घ्यावी.
• पॅन, आधार आणि मोबाईलवर आलेला ओटीपी अनोळखी माणसाला देऊ नये. आपल्या नावावर नंबर काढून दुसराच खोटी बिले फाडतो, आणि नोटीस आपल्या दारात येते.

दुकानाची पाटी लावण्याआधी ही बेरीज एकदा घरच्यांसोबत बसून करा. शंका राहिली तर बिले आणि वह्या घेऊन जाणकार करसल्लागाराला विचारा.