डोक्यावर तेल, पायाखाली पाणी: रेड हिलचा लढा

पिण्याच्या पाण्याच्या बरोब्बर वर कुणी तेलाच्या टाक्या बांधल्या तर?

हवाईच्या ओआहू बेटावर हेच झालं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने रेड हिल डोंगराच्या पोटात 20 टाक्या बांधल्या. एकेक टाकी जवळपास 250 फूट उंच. आणि त्यांच्या खाली साधारण 100 फुटांवर भूजल! खडक आपल्या सह्याद्रीसारखाच, बेसॉल्ट. भेगांतून पाऊस झिरपतो, तसं तेलही झिरपणारच ना?

2014 मध्ये एका टाकीतून सुमारे 27,000 गॅलन इंधन गळलं. सिएरा क्लबसारख्या संघटना आणि होनोलुलूचं पाणीपुरवठा मंडळ ओरडून सांगत होते, हे थांबवा. टाक्या मात्र चालूच राहिल्या.

नोव्हेंबर 2021 मध्ये इंधन थेट नौदलाच्या विहिरीत गेलं. त्या नळाचं पाणी सुमारे 93,000 लोक वापरायचे. डोकेदुखी, उलट्या, अंगावर पुरळ. शहरानेही खबरदारी म्हणून आपली हलावा विहीर बंद केली.

मग मूळ हवाईयन लोक, पर्यावरण कार्यकर्ते आणि चक्क लष्करी कुटुंबं एका बाजूला आली. घोषणा एकच: ‘ओला इ का वाई’, पाणी म्हणजे जीवन. मार्च 2022 मध्ये संरक्षणमंत्र्यांनी टाक्या कायमच्या बंद करायचा आदेश दिला. 2024 पर्यंत जवळजवळ सगळं इंधन बाहेर काढलं गेलं.

पण खडकात मुरलेलं तेल बादलीने उपसता येत नाही. म्हणून प्रश्न गळतीच्या आधीच विचारायचा. तुमच्या बोअरवेलपासून सगळ्यात जवळची इंधनाची टाकी किती लांब आहे? बघा, आणि आम्हाला कळवा.