कट्ट्यांची सरासरी आणि शब्दांच्या जाती

सोयाबीन निघालं की आमच्या चिखलीकडे काट्यावर चढलेल्या प्रत्येक कट्ट्याचं वजन वहीत उतरतं. त्यातली पाच वजनं घेऊन भाचीला 'जे' ही प्रोग्रामिंगची भाषा दाखवायला बसलो. नावं तिथे रोमन अक्षरांत टाइप करावी लागतात. इथे देवनागरीत देतो.

कट्टे =: ५२ ४८ ५० ६१ ४९

ना कॉमा, ना कंस. पाच आकड्यांची ही अख्खी ॲरे म्हणजे एकच नाम. केनेथ आयव्हर्सन यांनी आधी एपीएल ही भाषा घडवली. तिची खास चिन्हं साध्या कीबोर्डवर नव्हती. म्हणून १९९० मध्ये रॉजर हुई यांच्यासोबत त्यांनी कीबोर्डवरच्याच चिन्हांत 'जे' केली आणि तिच्या घटकांना सरळ व्याकरणातली नावं दिली. शब्दांच्या जाती भाचीला शाळेपासून पाठ, त्यामुळे तिथे काहीच अडलं नाही.

+/ मध्ये + हे क्रियापद आणि / हे क्रियाविशेषण. मराठीत क्रियाविशेषण आधी येतं, इथे मागून. ते दर दोन आकड्यांच्या मध्ये + घालतं, उत्तर २६०. # मोजतं: ५. % म्हणजे भागाकार. झालं, तिने सरासरीसाठी लिहिलं:

+/ % # कट्टे

उत्तर ०.२! ओळ उजवीकडून सोडवली जाते. आधी # ने ५ दिले. % च्या डावीकडे नाम नाही, म्हणून त्याने १ भागिले ५ केलं. एकट्या ०.२ ची बेरीज ०.२ च. मग मी सांगितलं, आधी नाव दे.

सरासरी =: +/ % #
सरासरी कट्टे

५२. चिन्हं तीच, क्रमही तोच. पण या वेळी =: च्या उजवीकडे नाम नव्हतं, म्हणून तिन्ही क्रियापदं आपसांत जुळली: कडेची दोन्ही यादीवर चालतात, मधलं त्यांची उत्तरं भागतं. असाइनमेंट म्हणजे डब्यात किंमत ठेवणं, ही शिकवण मला इथे अपुरी वाटते. उजवीकडचं आधी पुरतं उलगडतं, आणि त्याची जी जात ठरते तीच नावाला मिळते.

ही जात विचारताही येते. ४!:० <'सरासरी' लिहिलं की ३ येतं, म्हणजे क्रियापद. कट्टे साठी ०, म्हणजे नाम. भाचीने लगेच सरासरी =: ५२ करून पुन्हा विचारलं. आता ०. त्यानंतर 'सरासरी कट्टे' लिहिलं तर सिंटॅक्स एरर, आणि कारण तिनेच सांगितलं: "दोन नामं शेजारी झाली मामा, क्रियापद कुठंय?"