दहावी ते अकरावी : हे आधी ठरवा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या शाळा राज्य मंडळाच्या मुंबई विभागात येतात. विभागीय कार्यालय वाशीला आहे. दहावीची परीक्षा 600 गुणांची, पण टक्केवारी काढताना सर्वोत्तम पाच विषयांचे 500 गुण धरतात. भाषा आणि सामाजिक शास्त्रांत 80 गुण लेखी, 20 शाळेकडचे. हे 20 गुण वर्षभराच्या कामाचे असतात, त्यामुळे वह्या-प्रकल्प फेब्रुवारीवर ढकलू नयेत.

एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षा जुलैच्या सुमारास होते. निकालाच्या दिवशी घरात रडारड होण्याआधी ही गोष्ट पालकांना माहीत हवी.

अकरावीचे प्रवेश 2025-26 पासून राज्यभर ऑनलाइन झाले. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की तिथेच प्रवेश घ्यावा लागतो, म्हणून पहिले नाव घाईने भरू नका. कल्याणहून पुढे रोजची लोकलची गर्दी झेपेल का, हाही हिशेब करा. उल्हासनगरच्या चांदीबाई महाविद्यालयासारख्या सिंधी अल्पसंख्याक संस्थांत निम्म्या जागा सिंधी विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात.

विषय निवडताना पुढचे दार पाहा. अभियांत्रिकीला गणित, वैद्यकीयला जीवशास्त्र लागतेच. अंबरनाथच्या शासकीय आयटीआयचा विचार मात्र फारच कमी घरांत होतो, याचे वाईट वाटते. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केल्यावर तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.