तर्रीखालचा रस्सा

गेल्या हिवाळ्यात सुटीसाठी संभाजीनगरला आमच्याकडे आलेल्या पुतण्याची जीभ चांगलीच पोळली. पैठणच्या नाथसागरातला रोहू मासा आणून त्याचा झणझणीत रस्सा केला होता. भातातून वाफा निघत होत्या, म्हणून भात त्याने फुंकून खाल्ला. रश्श्याच्या वाटीतून मात्र वाफेचा मागमूस नव्हता. रस्सा निवला असे समजून त्याने वाटी तोंडाला लावली आणि तो ओरडलाच!

जीभ शांत झाल्यावर त्याने विचारले, "काका, वाफ नव्हती, तरी एवढा गरम कसा?"

बालमित्रांनो, याचे उत्तर रश्श्यावरच्या लाल तर्रीत आहे.

उघड्या भांड्यातले कढत पाणी निवते ते मुख्यतः बाष्पीभवनामुळे. पृष्ठभागावरचे वेगवान रेणू हवेत निसटतात व जाताना पुष्कळ उष्णता घेऊन जातात. १०० अंश सेल्सिअसला एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे शंभर ग्रॅम रश्श्यातून एकच ग्रॅम पाणी उडाले, तरी उरलेला रस्सा पाचएक अंशांनी निवतो. भातावरची वाफ भात गरम असल्याचे सांगते, तसेच तो निवू लागल्याचेही सांगते. (खरे म्हणजे आपल्याला दिसतात ते पाण्याचे सूक्ष्म थेंब. वाफ डोळ्यांना दिसत नाही.)

तेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते वर तरंगते. त्या तापमानाला तेलाचे स्वतःचे बाष्पीभवन जवळजवळ होत नाही आणि खालच्या पाण्यालाही ते बाहेर पडू देत नाही. तर्री म्हणजे रश्श्यावरचे झाकणच होय. वाटीच्या बाजूंनी थोडी उष्णता जाते, पण उष्णतेची मोठी वाट बंद झालेली असते.

हे झाकण लाल का? मिरचीतील रंगद्रव्ये आणि तिला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन तेलात सहज विरघळतात, पाण्यात विरघळत नाहीत म्हटले तरी चालेल. म्हणून सगळ्यात तिखट भाग वरच असतो. पुतण्याला पहिल्याच घोटात दोन्ही मिळाले! विशेष म्हणजे उष्णता आणि तिखटपणा या दोन्हींची वर्दी मेंदूला देणारा ग्राही एकच आहे. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. उपाय मात्र वेगवेगळे. पोळल्यावर गार पाणी बरे. तिखट लागल्यावर पाण्याचा फारसा उपयोग नाही, तेव्हा दूध किंवा दही घ्यावे.

कोरियातही माशाचे असेच लालभडक कालवण करतात. त्याला मेउनतांग, म्हणजे 'तिखट रस्सा', म्हणतात. आपल्याप्रमाणेच तिथेही मिरची मूळची अमेरिकेतून पोहोचली. पण तिथे फोडणी नसते. मुळ्याच्या फोडींबरोबर मिरचीची पूड आणि मिरचीचे आंबवलेले वाटण पाण्यातच उकळतात. तेलाचा थर नसल्याने वाफेचे लोट निघतात आणि खाणारा आपोआप सावध होतो.

तर्रीचा स्वयंपाकात फायदाही आहे. माशाचे तंतू आखूड आणि त्यांना जोडणारे ऊतक नाजूक असते. साठ-पासष्ट अंशांना मासा शिजतो. खळखळ उकळला तर तुकडे मोडतात. म्हणून जाणती माणसे आधी रस्सा उकळून घेतात, तुकडे शेवटी सोडतात आणि थोड्याच मिनिटांत गॅस बंद करतात. उरलेले काम तर्रीखालची उष्णता करते. मांस पांढरे होऊन काट्यापासून सुटले की मासा शिजला.

घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन एक प्रयोग करा. दोन सारख्या पेल्यांत सारखेच कढत पाणी घ्या. एकात दोन चमचे तेल घाला. प्रयोगशाळेतल्या तापमापीने दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा आणि दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा. (तापाचा थर्मामीटर वापरू नका, तो फुटेल.) मग तिसरा पेला घ्या, त्यात तेल न घालता वर ताटली झाका. त्याचा आलेख कोणत्या पेल्याच्या जवळ जातो?