मायक्रोवेव्ह सुरू होताच वायफाय का अडखळते? घरातल्या उपकरणांचे भांडण कसे सोडवायचे?

ओव्हन सुरू केला की व्हिडीओ कॉल अडकतो. नवा एलईडी बल्ब लावला की रेडिओ खरखरतो. लॅपटॉप चार्जिंगला लावला की स्पीकरमधून ‘घुंऽऽ’ असा आवाज येतो. अशा वेळी बहुतेक जण राउटर, रेडिओ किंवा स्पीकर बदलायला निघतात. पण अनेकदा बिघाड त्या उपकरणात नसतोच. शेजारचे उपकरण त्याच्या कामात लुडबुड करत असते. याला ‘इंटरफेरन्स’ म्हणतात.

ब्रिटनमधील वेल्स प्रांतातल्या अबरहोसन या गावाने हे चांगलेच अनुभवले. तिथे तब्बल १८ महिने रोज सकाळी ७ वाजता ब्रॉडबँड कोलमडायचे. केबल बदलूनही फरक पडेना. अखेर अभियंत्यांनी पहाटे पावसात यंत्र घेऊन गाव पालथे घातले, तेव्हा एका घरातला जुना, सेकंडहँड टीव्ही सापडला. तो रोज ७ वाजता सुरू व्हायचा! ही घटना २०२० मध्ये समोर आली.

लुडबुड होते कशी?

दोन वाटांनी. एक हवेतून, दुसरी वायरीतून.

हवेतल्या भांडणाचे ठळक उदाहरण म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हन. तो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतो. वायफायचा एक पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा आहे आणि ब्लूटूथही तिथेच असते. ओव्हनमधून बाहेर झिरपणाऱ्या लहरी सुरक्षिततेच्या मर्यादेत असल्या, तरी ओव्हन शेकडो वॅटचा आणि राउटरचा सिग्नल साधारण ०.१ वॅटचा. ढोल-ताशा सुरू असताना कानात कुजबुजण्यासारखेच ते! उपाय मात्र फुकटचा आहे. राउटर स्वयंपाकघरापासून लांब ठेवा आणि फोन ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडा. हे नेटवर्क भिंतींपलीकडे कमी पोहोचते, हे लक्षात असू द्या.

वायरलेस माउस अडखळत असेल तर लॅपटॉपच्या यूएसबी ३.० पोर्टकडे पाहा. अनेकदा तो आतून निळा असतो. या पोर्टचा आवाज २.४ गिगाहर्ट्झमध्ये घुसतो, हे इंटेलने २०१२ मध्येच सांगितले होते. माउसचा डोंगल छोट्या एक्स्टेन्शन केबलने थोडा दूर नेला की काम भागते.

वायरीतली वाट अधिक चकवणारी असते. मोबाइल चार्जर आणि एलईडी बल्बमधले सर्किट वीजप्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडते-जोडते. त्यातून निघणारा गोंगाट अडवायला आत फिल्टर लागतो. स्वस्तात माल विकायचा असला की आधी कात्री लागते ती याच फिल्टरला. मग घरातले वायरिंगच अँटेना बनते. पंख्याचा गोल फिरत जाणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही असाच गोंगाट करतो. एक-दोन-तीन अशा टप्प्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर त्यामानाने शांत. इन्व्हर्टरवर पंखा गुणगुणत असेल, तर तो बहुधा स्क्वेअर वेव्हचा असतो. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर ही तक्रार सहसा राहत नाही.

स्पीकरची घुरघुर आणि एक धोकादायक ‘जुगाड’

लॅपटॉप आणि अॅम्प्लिफायर वेगवेगळ्या सॉकेटमध्ये असले की दोन्हींच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक पडतो. मग ऑडिओ केबलमधून नको तो प्रवाह वाहतो आणि घुरघुर ऐकू येते. चार्जर काढताच आवाज थांबला, तर संशय याच ‘ग्राउंड लूप’वर घ्या. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. तरीही आवाज राहिला तर ऑडिओ केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर बसवा.

काही जण मात्र प्लगची वरची जाड पिन तोडतात. आवाज जातोही. पण उद्या आतली लाइव्ह वायर उपकरणाच्या धातूच्या भागाला टेकली, तर तो प्रवाह अर्थिंगमधून वाहून जाणार नाही आणि एमसीबी पडणार नाही. संपूर्ण बॉडीत २३० व्होल्ट उतरलेले असतील. हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. घुरघुर परवडली, पण हा उपाय नको.

गोंधळी शोधायचा कसा?

यासाठी सेलवर चालणारा जुना रेडिओ पुरतो. तो मीडियम वेव्हवर, कुठलेही केंद्र लागत नसेल तिथे लावा आणि घरभर फिरा. खरखर वाढेल तिथे गोंधळी जवळ आहे. नीट खात्री करायची असेल, तर संगणक बंद करून डीबीमधले एमसीबी एकेक करून पाडा. ज्या एमसीबीला खरखर थांबेल, त्या लाइनवरची उपकरणे एकेक काढून पाहा. सापडलेला चार्जर किंवा बल्ब बदलणे उत्तम. बदलण्यासारखे नसेल, तर त्याच्या वायरीवर उपकरणालगत क्लिपचा फेराइट कोअर बसवून बघा.

एखादा स्विच किंवा सॉकेट स्वतःच चरचरत असेल, गरम लागत असेल, तर हा इंटरफेरन्सचा प्रश्न राहिला नाही. आत जोडणी सैल होऊन ठिणग्या पडत असतात आणि आग तिथूनच लागते. ती लाइन बंद ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आणि मेन स्विच पाडल्यावरही रेडिओ तितकाच खरखरत असेल, तर उगम घराबाहेर आहे. शेजाऱ्यांकडे चौकशी करा. खांबाजवळ आवाज वाढत असेल तर खांबाला हात न लावता त्याचा क्रमांक टिपून घ्या आणि वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.